वेल्डर आणि स्वार यांच्यातले अंतर

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात जॉन ब्रिटन यांनी घरच्या गॅरेजात, मूठभर मित्रांना हाताशी धरून जी मोटारसायकल घडवली, ती 1992च्या मार्चमध्ये अमेरिकेतील डेटोनाच्या ट्रॅकवर उतरली. अँड्र्यू स्ट्राउड तिच्यावर स्वार होते. त्यांनी डुकाटीच्या मातब्बर गाडीला झुंजवले, पुढेही काढले. आणि शर्यत संपत आली असताना विजेच्या यंत्रणेतील बिघाडाने गाडी थांबली. 1994 मध्ये त्याच ट्रॅकवर त्यांनी ती शर्यत जिंकली. मधल्या काळात, 1993 मध्ये, या गाडीने 1000 सीसीपर्यंतच्या गटात वेगाचे चार जागतिक विक्रम केले. त्यांपैकी फ्लाइंग माइलचा वेग ताशी 302.705 किलोमीटर होता. 999 सीसीचे व्ही-ट्विन इंजिन, 166 अश्वशक्ती आणि वजन जेमतेम 138 किलो. ब्रिटन 5 सप्टेंबर 1995 रोजी कर्करोगाने गेले, तेव्हा ते 45 वर्षांचे होते. अशा 10च गाड्या बनल्या. मोटारसायकलींच्या जगात ही गोष्ट एका प्रतिभावंताच्या वेडाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण प्रतिभेच्या नावाखाली एक जास्त उपयोगाचा प्रश्न झाकला जातो. हे काम घरच्या गॅरेजात होऊच कसे शकले, आणि इंजिनापेक्षाही सांगाडा व सस्पेन्शन यांच्या बाबतीतच घरगुती कारागीर वारंवार कारखान्यांच्या पुढे का गेले?

ब्रिटन यांची ही गाडी, व्ही-1000, जवळून पाहिली की पहिल्यांदा खटकते ती तिच्यात नसलेली गोष्ट. नेहमीच्या अर्थाने तिला चेसिसच नाही. इंजिन हाच सांगाड्याचा मुख्य भाग. त्याला पुढे आणि मागे कार्बन फायबरचे अवयव थेट जोडलेले. रेडिएटर पुढच्या चाकामागे असतो अशी सवय असलेल्या डोळ्यांना तो इथे सीटखाली सापडतो. मागच्या चाकाचा शॉकअप मागे नसून इंजिनाच्या पुढे आहे; खालून जाणारी लिंकेज स्विंगआर्मची हालचाल तिथवर पोचवते. बाहेरच्या आवरणाचा आकार ब्रिटन यांनी कागदावर ठरवला नाही. तारा वाकवून, त्या गरम गोंदाने चिकटवून त्यांनी आधी पोकळ सापळा उभा केला आणि डोळ्याला पटेपर्यंत तो बदलत राहिले. धातूचे ओतीव भाग तापवायला पत्नीची मातीकामाची भट्टी वापरली गेली. या तपशिलांचे कौतुक कल्पकता म्हणून होते. माझ्या मते त्यांतून कामाची रीत दिसते. ज्या भागाबद्दल शंका होती, तो भाग बनवून, लावून, पळवून आणि पुन्हा काढून पाहण्याला लागणारा वेळ इथे शक्य तितका कमी केलेला होता.

इथेच या लेखाचे म्हणणे मांडतो. मोटारसायकलचे इंजिन बाकावर बसवून मोजता येते. डायनोवर अश्वशक्ती कळते, तापमान कळते, पेट्रोल किती जळते ते कळते. मोजणारा आणि बनवणारा एकमेकांना न भेटताही काम पुढे जाते. सांगाड्याचे तसे नाही. वळणात गाडी 45 अंशांपर्यंत कलते, टायर रस्त्यावर तळहाताहून लहान जागेत टेकतो, आणि स्वाराचे वजन गाडीच्या वजनाच्या तुलनेत इतके मोठे असते की तो स्वतःच यंत्राचा एक भाग बनतो. पुढचे चाक ‘काय सांगते आहे’ हे त्याच्या मनगटांना आणि मांड्यांना आधी कळते. आकड्यांत ते उशिरा येते, कधी येतही नाही. म्हणून सांगाड्याचे ज्ञान जिथे वेल्डर, निर्णय घेणारा आणि स्वार एकमेकांच्या जवळ असतात तिथे लवकर वाढते. मोठ्या कंपनीत स्वाराची तक्रार अहवालात जाते, अहवाल बैठकीत जातो, बैठकीतून नवा आराखडा येतो. घरच्या शेडमध्ये ती तक्रार त्याच संध्याकाळी पाइप कापणाऱ्या माणसाच्या कानावर पडते. हे अंतर जितके कमी, तितके प्रयोग जास्त. घरगुती बांधणीची खरी ताकद इथे आहे. स्वस्ताई आणि हौस यांचा क्रमांक नंतरचा.

इतिहास याला साक्ष देतो. बेलफास्टच्या रेक्स मॅकॅन्डलेस यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. 1940च्या दशकात त्यांनी स्वतःच्या गाड्यांवर मागच्या चाकासाठी स्विंगआर्म बसवून पाहिले, कारण त्या काळच्या ताठ मागच्या भागामुळे चाक रस्त्यावर टिकत नसे. नॉर्टन कंपनी तेव्हा इंजिनांत आघाडीवर होती. सांगाडे मात्र तिला साथ देत नव्हते, ते मोडत होते. मॅकॅन्डलेस यांनी स्टिअरिंग हेडपाशी एकमेकांना छेद देणाऱ्या पाइपांच्या दोन वळ्यांचा सांगाडा बनवला. 1950च्या आइल ऑफ मॅन टीटीमध्ये नॉर्टनने सीनियर आणि जूनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक मिळवले. इंजिन नवे नव्हते. सांगाडा नवा होता. हॅरॉल्ड डॅनियल या स्वाराने जुन्या गाडीच्या तुलनेत ही पिसांच्या गादीसारखी वाटते असे म्हटले आणि ‘फेदरबेड’ हे नाव कायमचे चिकटले. ज्या कंपनीकडे आरेखक, यंत्रे आणि शर्यतीचे पथक होते, तिला आपला सांगाडा बाहेरच्या माणसाकडून घ्यावा लागला.

पुढच्या चार दशकांत हेच पुन्हा पुन्हा घडले. इटलीतील रिमिनीत गरम हवेच्या नळ्या आणि हीटिंगची कामे करणारा व्यवसाय चालवणारे मास्सिमो तांबुरिनी 1972 मध्ये आपली होंडा सीबी750 घेऊन मिसानोच्या ट्रॅकवर पडले. त्यांनी मोडलेल्या गाडीचे इंजिन घेऊन त्याभोवती स्वतःचा नळ्यांचा सांगाडा उभा केला; त्यातून बिमोटा ही कंपनी उभी राहिली, आणि हेच तांबुरिनी 1994 च्या डुकाटी 916 चे रचनाकार झाले. बेल्जियममध्ये ल्युसियाँ तिल्केन्स यांनी मोटोक्रॉससाठी मागच्या दोन शॉकअपऐवजी सीटखाली एकच लांब शॉकअप आणि त्रिकोणी स्विंगआर्म बसवला. मूळ कल्पना जुनीच होती, व्हिन्सेंट या मोटारसायकल उत्पादकांनी ती 1920च्या दशकातच वापरली होती. पण उड्या मारणाऱ्या गाडीला चाकाची जास्त हालचाल लागते हे ओळखून ती पुन्हा घडवण्याचे काम घरच्या प्रयोगाने केले. यामाहाने ती घेतली, आणि 1973 मध्ये हाकन अँडरसन त्या गाडीवर 250 सीसी मोटोक्रॉसचे जागतिक विजेते झाले. बार्सिलोनाच्या अँतोनियो कोबास यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंग हेडपासून स्विंगआर्मच्या सांध्यापर्यंत सरळ जाणाऱ्या दोन रुंद ॲल्युमिनियम तुळयांचा सांगाडा केला. त्याच सुमारास जपानी कंपन्याही त्या दिशेने चालल्या होत्या, तेव्हा सगळे श्रेय कोबास यांनाच देणे बरोबर नाही. पण 1989 मध्ये ॲलेक्स क्रिव्हिये यांनी 125 सीसीचे जागतिक विजेतेपद जपानी कारखान्यांच्या पथकांपुढे जेजे-कोबास गाडीवर मिळवले, ही गोष्ट त्या छोट्या कार्यशाळेची आहे.

या सगळ्यात एक यंत्रणा मात्र हट्टाने जागची हलली नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त शिकवते. ती म्हणजे पुढचा टेलिस्कोपिक फोर्क. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, वर ‘टी’ आणि कोनसेट, खाली चाक. या रचनेत एकाच अवयवाला तीन कामे दिलेली आहेत: चाकाला दिशा देणे, खड्डा झेलणे आणि ब्रेकचा जोर पेलणे. ब्रेक लावला की नळ्या आत बसतात आणि गाडीचा पुढचा भाग झुकतो. झुकला की भूमिती बदलते. साधे गणित करून पाहू. पुढच्या चाकाची त्रिज्या 300 मिमी, फोर्कचा ऑफसेट 35 मिमी आणि स्टिअरिंगचा कोन उभ्या रेषेपासून 25 अंश धरला, तर ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगची रेषा जिथे जमिनीला मिळते तो बिंदू आणि टायर टेकतो तो बिंदू यांतले अंतर, सुमारे 101 मिमी येते. ब्रेकखाली तो कोन 23 अंशांवर आला तर ट्रेल सुमारे 89 मिमी उरते. चाकाला सरळ ठेवणारी ताकद याच अंतरातून येते, आणि वळणात शिरण्याच्या नेमक्या क्षणी ती बाराएक टक्क्यांनी घटते. शिवाय ब्रेकचा सगळा जोर लांब नळ्यांच्या तरफेने वर, स्टिअरिंग हेडपर्यंत जातो. म्हणून सांगाड्याची ती जागा भक्कम आणि जड करावी लागते. नळ्या वाकल्या की आतल्या आत घासतात, आणि खड्डा झेलायला हवा तेव्हाच सरकायला कचरतात.

मॅक्लारेनच्या मोटारींवर काम केलेले नॉर्मन हॉसॅक यांनी 1970च्या दशकाच्या शेवटी ही तीन कामे वेगळी केली. मोटारीच्या चाकाला असतात तसे दोन त्रिकोणी विशबोन सांगाड्याला आडवे जोडायचे. त्यांच्या पुढच्या टोकांना बॉल जॉइंटने एक न वाकणारा उभा सांगाडा लटकवायचा आणि चाक त्यात बसवायचे. स्टिअरिंगची रेषा दोन बॉल जॉइंटमधून जाते. शॉकअप वेगळा, तो चाकाला दिशा देत नाही. हँडल आणि चाक यांच्यात घडी होणारा दुवा असतो, त्यामुळे चाक वर-खाली झाले तरी हँडल हलत नाही. विशबोनचे कोन बदलले की ब्रेकखाली गाडी किती झुकावी हे ठरवता येते, आणि जोर वरच्या टोकाला न जाता बराचसा सरळ सांगाड्याच्या अंगात उतरतो. ब्रिटन यांनी हीच कल्पना कार्बन फायबरमध्ये आणली. या रचनेचे सौंदर्य घरगुती बांधणाऱ्याला विशेष जाणवावे असे आहे. आतल्या नळीला बाहेरून आरशासारखे पॉलिश करून तेलाच्या सीलने बंद करणे घरी होत नाही, त्याला कारखाना लागतो. विशबोन मात्र पाइप कापून, जिगमध्ये धरून, टॅक मारून आणि वेल्ड करून होतात. बॉल जॉइंट व बेअरिंग बाजारात मिळतात. आणि एक बोल्ट फिरवून भूमिती बदलून पाहता येते. म्हणजे जी यंत्रणा तत्त्वाने चांगली, ती घरात बनवायलाही सोपी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मी जिंकलेल्यांचीच नावे घेतो आहे. फसलेल्या शेकडो सांगाड्यांना नाव नसते. आणि इतकी चांगली यंत्रणा होती तर आजही रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना आणि मोटोजीपीच्या गाड्यांना टेलिस्कोपिक फोर्कच का? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टेलिस्कोपिक फोर्क टिकला कारण तो हलका आहे, स्वस्त आहे, गेल्या अनेक दशकांत तो फार बारकाईने सुधारला गेला आहे, आणि पुढचा भाग झुकणे ही स्वारांना ब्रेक किती लागला हे सांगणारी सवयीची खूण झाली आहे. पण हॉसॅक यांची कल्पना वाया गेली नाही. 2004 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू के1200एसची ड्युओलिव्हर रचना त्याच जातीची होती, आणि 2018 च्या होंडा गोल्ड विंगला पुढे डबल विशबोन आले. घरच्या प्रयोगाचे मोल दर वेळी जिंकण्यात नसते. फसलेला सांगाडा महिन्याभरात फसतो आणि थोड्या पैशांत फसतो. कंपनीत चुकीची दिशा निवडली गेली तर ती कबूल करायलाच वर्षे जातात. माझा युक्तिवाद घरगुती कारागीर नेहमी बरोबर असतो असा नाही. आपण चुकलो हे त्याला लवकर कळते, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप संगणकाचा. आज सांगाड्यातला प्रत्येक ताण पडद्यावर रंगांत दिसतो. मग पाइप कापत बसायचे कशाला? संगणकाने बांधणाऱ्याचे काम फार सोपे केले, यात वाद नाही, आणि घरी काम करणाऱ्यानेही तो वापरलाच पाहिजे. पण सांगाडा किती ताठ हवा या प्रश्नाचे उत्तर तो एकटा देऊ शकत नाही. गाडी कललेली असताना खड्ड्याचा धक्का सस्पेन्शनच्या रेषेत येत नाही, आडवा येतो. तो झेलायला सांगाड्याने किंचित आडवे लवावे लागते. फार ताठ केला तर चाक थरथरते आणि स्वाराला पुढच्या टायरचा अंदाज लागत नाही. फार लवचीक केला तर गाडी हेलकावते. डुकाटीने मोटोजीपीसाठी 2009 मध्ये कार्बन फायबरची, इंजिनालाच आधार मानणारी रचना आणली. व्हॅलेंटिनो रॉस्सींसारखा स्वार 2011 मध्ये पुढच्या चाकाच्या जाणिवेबद्दल झगडत राहिला, आणि 2012 साठी कंपनी ॲल्युमिनियमच्या दोन तुळयांच्या सांगाड्याकडे वळली. त्या कंपनीला पैसा, संगणक किंवा हुशार माणसे कमी नव्हती. तरी निर्णायक माहिती स्वाराच्या अंगातूनच आली, आणि ती धातूत उतरायला वेळ लागला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि त्याला तितकेच वजन दिले पाहिजे. सांगाडा तुटला तर माणूस मरतो. 1994 च्या आइल ऑफ मॅनच्या सरावात मार्क फार्मर ब्रिटन यांच्या गाडीवर असताना अपघातात गेले. एका मृत्यूवरून यंत्राचा निकाल लावता येत नाही, पण या कामाची किंमत काय असू शकते हे त्याने विसरू देऊ नये. सांगाडा सहसा एका मोठ्या धक्क्याने तुटत नाही. हजारो लहान धक्क्यांनी थकून तुटतो. तडा बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होतो, रंगाखाली वाढतो आणि एके दिवशी अचानक उघडतो. चांगल्या पोलादात एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी चालतो. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. 6061-टी6 जातीचे ॲल्युमिनियम वेल्ड केले की सांध्याच्या आसपास त्याची ताकद बरीच घटते, आणि पुन्हा उष्णता-संस्कार केल्याशिवाय ती परत येत नाही. म्हणून घरी पहिला सांगाडा करणाऱ्याने पोलादच घ्यावे, आणि तेही फर्निचरचा ईआरडब्ल्यू पाइप नव्हे, तर माहितीतल्या जातीचा सीमलेस किंवा क्रोमोली पाइप. पाइपाचे टोक दुसऱ्या पाइपावर कागदही जाणार नाही असे बसले पाहिजे. फट राहिली की ती रॉडने भरून काढायची सवय इथे जीवघेणी आहे. त्याच पाइपाचे तुकडे त्याच हाताने वेल्ड करून, कापून आणि वाकवून पाहावेत. सांध्यांची डाय पेनिट्रंटने तपासणी करावी, ठरावीक किलोमीटरनंतर ती पुन्हा करावी, आणि रंगाआधी गाडी बंद ट्रॅकवर पळवावी. फोर्क लांब करून लावणे किंवा ग्राइंडरने मागचा भाग कापणे याला सांगाडा बांधणे म्हणत नाहीत. त्यात वर सांगितलेला कोन आणि ट्रेल यांचा हिशेबच केलेला नसतो. ही शिस्त नसेल तर वेल्डर आणि स्वार एकच माणूस असण्याचा फायदा उरत नाही, फक्त चूक दाखवणारा दुसरा माणूस कमी होतो.

आपल्याकडे ही शिस्त शिकायला लागणारे सगळे साहित्य आहे, दार मात्र नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरेल असे वाहन मालकाला बदलता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चेसिस नंबर सांगाड्यावरच कोरलेला असल्याने नवा सांगाडा म्हणजे कायद्याच्या नजरेत ओळख नसलेले वाहन. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पण ती वाट हजारो गाड्या विकणाऱ्या उत्पादकासाठी आखलेली आहे. एकच गाडी बनवणाऱ्याला ती खर्चाने आणि कागदांनी बंद आहे. युनायटेड किंगडममध्ये एका-एका मोटारसायकलची तपासणी करून तिला रस्त्यावर परवानगी देणारी पद्धत आहे. जर्मनीत तपासणी संस्थेचा अभियंता बदललेली गाडी पाहून नोंद करतो. तिथेही नियम कडक आहेत. फरक इतकाच की तपासणीला हजर होण्याची सोय आहे.

त्या सोयीअभावी आपण सुरक्षित झालो असे समजणे चुकीचे आहे. बंदीमुळे सांगाडे कापणे थांबलेले नाही. ते तपासणाऱ्या माणसाच्या नजरेआड गेले आहे, आणि ज्याला नीट काम करायचे आहे त्यालाच कायदा मोडल्याची भीती आहे. दुसरा मार्ग आपल्याच महाविद्यालयांनी दाखवला आहे. बाहा एसएई इंडिया स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी दर वर्षी पाइपांचे सांगाडे स्वतः बांधतात, आणि परीक्षकांनी पाइपाची जात, जाडी व वेल्ड तपासल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही. एकेका सांगाड्याची तपासणी व्यवहारात शक्य आहे, याचा हा पुरावा आहे. चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ट्रेलिस सांगाड्याच्या गाड्या बनतात, कोल्हापूरला ओतकामाची पिढीजात जाण आहे, पुण्यात चाचणी संस्था आहेत. यांच्या मधे एकट्या माणसाच्या प्रयोगाला जागा हवी. वर्षाला ठरावीक संख्येपुरती, एका गाडीची, मालकाच्या खर्चाने होणारी तपासणी. सांगाड्याला नवा क्रमांक. रस्त्यापूर्वी ट्रॅकवरची सक्तीची चाचणी. आणि दर वर्षी सांध्यांची फेरतपासणी. मागणी एवढीच आहे, आणि ती कायदा सैल करण्याची नसून कायद्याला डोळे देण्याची आहे. जगात सर्वाधिक दुचाकी बनवणाऱ्या देशांत आपली गणना होते. त्या दुचाकी चालतात कशा, वळतात कशा आणि थांबतात कशा, याचे नवे ज्ञानही इथे घडावे असे वाटत असेल, तर पाइप कापणाऱ्या हाताला आणि त्याच गाडीवर बसणाऱ्या स्वाराला एका छपराखाली उघडपणे काम करू दिले पाहिजे.